होलोकॉस्ट शिकवण्याला आयुष्य द्यायचे असेल तर

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. आपण विदर्भातील एका शाळेत नववी-दहावीला इतिहास शिकवता. नाझी जर्मनीवरचा धडा शिकवता शिकवता या विषयाने आपल्याला धरून ठेवले, आणि गेली काही वर्षे आपण मिळेल ते वाचत आहात. होलोकॉस्टचे, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचे, अध्यापन हेच आपले मुख्य काम व्हावे, असे आता आपल्याला वाटते. मात्र वर्गातल्या काही मुलांना हिटलर आवडतो, घरची माणसे 'आपला काय संबंध?' असे विचारतात, आणि रोज हे वाचत राहिलो तर आपणच खचून जाऊ की काय, ही धास्ती आपल्यालाही आहे. 'हे आयुष्य कसे असते?' असे आपण शेवटी विचारले आहे.

मी केंद्रीय मंडळाच्या शाळेत इतिहास शिकवत आले आहे आणि याच विषयावर इतर शिक्षकांच्या कार्यशाळाही घेते. त्या अनुभवावरून सांगते. 'हे करू का?' या प्रश्नाचे उत्तर आपण स्वतःला आधीच दिलेले दिसते. उरलेला प्रश्न असा की ज्या घटनेशी आपल्या घराचा, भाषेचा, प्रांताचा थेट संबंध नाही, ती शिकवण्याचा अधिकार आपल्याला कशाने मिळतो, आणि तो रोजच्या कामातून कसा राखायचा.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच बाजूला काढू. भारतात 'होलोकॉस्ट शिक्षक' अशी जागा कुठल्याही शाळेच्या आकृतिबंधात नसते. जर्मनी, पोलंड, इस्रायल येथे स्मारकांमध्ये आणि संग्रहालयांमध्ये हा पूर्णवेळ पेशा आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने 1994 मध्ये कायदा करून हा विषय शाळांत सक्तीचा केला, त्यामुळे तेथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतील मुले तो शाळेतच शिकतात. आपल्याकडे मात्र हे काम इतिहासाच्या नोकरीच्या पोटातच करावे लागते. आपले मंडळ कोणते, मुख्याध्यापक किती मोकळीक देतात, परीक्षेचे वेळापत्रक किती घट्ट आहे, यांवर आपल्याला चार तासिका मिळतील की दहा, हे ठरेल. चार मिळाल्या तरी काम होते, मात्र त्याची आखणी वेगळी करावी लागते.

आता अधिकाराचा मुद्दा, आणि यावर मी जरा थांबणार आहे, कारण 'आपला काय संबंध' या प्रश्नाला शिक्षकांकडून बहुधा अगदी भाबडी उत्तरे दिली जातात. 'मानवतेचा प्रश्न आहे' असे म्हटले की समोरचा मान डोलावतो आणि विषय तिथेच संपतो. मला या प्रश्नाचे उत्तर सापडले ते या विषयाचे पहिले शिक्षक कोण होते, हे पाहिल्यावर.

नोव्हेंबर 1940 मध्ये वॉर्सातील ज्यूंना भिंतीआडच्या वस्तीत, म्हणजे घेट्टोत, कोंडण्यात आले. त्याच महिन्यात इमानुएल रिंगेलब्लुम यांनी एक गुप्त संग्रह उभारायला घेतला. ते इतिहासकार होते, आणि युद्धापूर्वी वॉर्सात मुलींच्या एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवीत असत. त्यांनी जमवलेल्या मंडळींत अर्थतज्ज्ञ होते, लेखक होते, शिक्षक होते. त्यांनी घेट्टोतील जीवनाची पाहणी प्रश्नावल्या तयार करून केली. शिधापत्रिका, भिंतीपत्रके, खाऊच्या गोळ्यांची वेष्टने, शाळकरी मुलांचे निबंध, दैनंदिन्या, जे जे हाती लागले ते जपून ठेवले. जुलै 1942 च्या अखेरीस वॉर्साहून ट्रेब्लिंका या संहारछावणीकडे रोज गाड्या सुटू लागल्या, तेव्हा संग्रहाचा पहिला भाग दहा पत्र्याच्या पेट्यांत भरून नोव्होलिप्की रस्त्यावरील 68 क्रमांकाच्या शाळेच्या तळघरात पुरण्यात आला. पुरणारे होते इस्रायल लिख्टेनश्टाइन हे शिक्षक आणि त्यांचे दोन तरुण विद्यार्थी. खड्डा भरण्याआधी त्या मुलांनी आपापली लहानशी मृत्युपत्रे लिहून त्यात ठेवली. आपण कोण, किती वर्षांचे, आणि जगाला हे कळावे एवढीच इच्छा, असे त्यांत आहे. पेट्या सप्टेंबर 1946 मध्ये ढिगाऱ्याखालून निघाल्या, आणि दुधाच्या दोन कॅनमध्ये भरलेला दुसरा भाग डिसेंबर 1950 मध्ये सापडला. तिसरा भाग आजवर मिळालेला नाही. सारे मिळून सुमारे 35 हजार पाने शाबूत राहिली. ती जमवणाऱ्या साठेक लोकांपैकी युद्धानंतर तिघे जिवंत होते. रिंगेलब्लुम त्यांत नव्हते; लपण्याची जागा उघडकीस येऊन मार्च 1944 मध्ये ते कुटुंबासह मारले गेले.

त्या तिघांपैकी एक राखेल आउएरबाख. घेट्टोत त्या गरिबांसाठी सूपघर चालवीत. युद्ध संपताच त्यांनी त्या पेट्या शोधण्याचा तगादा लावला, पुढे इस्रायलला गेल्या, आणि 1954 मध्ये याद वाशेम या तेथील होलोकॉस्ट स्मारक संस्थेत साक्षी नोंदवण्याचा विभाग त्यांनी उभा केला. ज्यूंच्या हद्दपारीची व्यवस्था पाहणारा नाझी अधिकारी आइखमान याच्या 1961 च्या खटल्यासाठी साक्षीदार निवडण्यात त्यांचा मोठा वाटा होता आणि त्यांनी स्वतःही साक्ष दिली. आपण 'हे आयुष्य कसे असते' म्हणून विचारलेत. मला राखेलबाईंचे आयुष्य त्याचा नमुना वाटते. त्यात भाषणे फार नाहीत. कागद शोधणे, माणसांना बोलते करणे, बोललेले तारीखवार लावणे आणि ते पुढच्या माणसाच्या हाती देणे, हेच त्यांनी वर्षानुवर्षे केले.

तेव्हा अधिकार कशाने मिळतो, तर या मंडळींनी मागे ठेवलेला कागद नीट वाचण्याने. तो वाचायला ज्यू असावे लागत नाही, युरोपीयही असावे लागत नाही. मात्र आळस चालत नाही. आकडा, तारीख, गावाचे नाव, छावणीचा प्रकार यांत ढिलाई केली, तर हा संहार झालाच नाही म्हणणाऱ्यांच्या हाती आपणच कोलीत देतो. एक साधे उदाहरण घ्या. आपल्याकडे बहुतेक विद्यार्थ्यांना, आणि खरे सांगायचे तर शिक्षकांनाही, असे वाटते की साठ लाख ज्यू जर्मनीतल्या छळछावण्यांत विषारी वायूने मारले गेले. वस्तुतः 1933 साली जर्मनीत ज्यूंची संख्या सव्वापाच लाखांच्या आसपास, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी होती. मारले गेलेले बहुसंख्य ज्यू पोलंड, सोव्हिएत प्रदेश, हंगेरी अशा ठिकाणचे होते. ट्रेब्लिंका, बेल्झेत्स, सोबिबोर या संहारछावण्या व्याप्त पोलंडमध्ये होत्या, आणि फार मोठी संख्या तर छावणीपर्यंत पोहोचलीच नाही. त्यांना गावाबाहेर नेऊन गोळ्या घालण्यात आल्या. कीव शहराच्या कडेच्या बाबी यार घळीत 29 आणि 30 सप्टेंबर 1941 या दोन दिवसांत 33,771 माणसे मारल्याची नोंद मारणाऱ्यांनी स्वतःच करून ठेवली आहे. दाखाऊ ही जर्मनीतली छळछावणी आणि ट्रेब्लिंका ही संहारछावणी यांतला फरक ज्याला सांगता येत नाही, त्याने वर्गात उभे राहण्यापूर्वी आणखी एक सुट्टी वाचनात घालवावी, असे मी कार्यशाळेत स्पष्ट सांगते. काहींना राग येतो.

आता वर्गाकडे वळू. माझी पद्धत सांगते, तिच्यामागचे कारणही सांगते; आपल्या वर्गाला मानवेल ते घ्या.

पहिल्या तासिकेत मी मृत्यूचे काहीच दाखवीत नाही. युद्धापूर्वीच्या एखाद्या पोलिश गावातील फोटो दाखवते. त्यांत फुटबॉलचा संघ असतो, लग्न असते, शाळेची सहल असते. जी माणसे मुलांना केवळ प्रेतांच्या राशीत भेटतात, ती त्यांना कधीच माणसे वाटत नाहीत. बर्गन-बेल्सेन ही छळछावणी एप्रिल 1945 मध्ये मुक्त झाल्यावर घेतलेल्या चित्रफिती मी नववीला दाखवीत नाही, कितीही आग्रह झाला तरी. चौदा वर्षांचे मूल त्या दृश्यापुढे एकतर डोळे मिटते किंवा हसते, आणि दोन्हींतून ते शिकत काहीच नाही. त्याच कारणाने मुलांना 'तू पहारेकरी, तू कैदी' अशी नाटुकली करायला लावणेही मला मान्य नाही. जगभरच्या मार्गदर्शक सूचनांत या प्रकाराविरुद्ध इशारा आहे आणि तो योग्यच आहे. वर्गात बाक सरकवून रेल्वेच्या डब्यात कोंबल्याचा खेळ केल्याने कोणालाही काही कळत नाही. उलट 'आम्हाला कळले' असा गैरसमज मात्र होतो.

फोटोंच्या बाबतीत एक प्रश्न मी कधीही सोडत नाही: हा फोटो काढला कोणी? आउश्वित्झ छावणीच्या फलाटावर उतरलेल्या माणसांचे जे फोटो आपल्या पुस्तकांत आणि इंटरनेटवर सर्वत्र दिसतात, ते बहुतांशी एकाच अल्बममधले आहेत. मे 1944 च्या सुमारास हंगेरीच्या अमलाखालच्या प्रदेशातून आलेल्या ज्यूंचे हे सुमारे 200 फोटो छावण्या चालवणाऱ्या एसएस या नाझी दलाच्या माणसांनी काढले. युद्धाच्या शेवटी डोरा छावणीत लिली याकोब या अठरा वर्षांच्या मुलीला तो अल्बम सापडला. तिने पाने उलटली तर तिच्याच गावचे रब्बी दिसले, आणि पुढे तिचे दोन धाकटे भाऊ. ते दोघे भाऊ मारले गेले होते. ही हकिगत सांगून मी मुलांना तोच फोटो पुन्हा पाहायला लावते. आता त्यांना कळते की आपण मारणाऱ्याच्या डोळ्याने पाहत होतो. एवढ्या एका गोष्टीवर अख्खी तासिका गेली तरी मला ती वाया गेली असे वाटत नाही.

दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली, ती म्हणजे सामान्य माणसाचे काम दाखवणे. केंद्रीय मंडळाच्या पुस्तकातील धडा एका अकरा वर्षांच्या जर्मन मुलाच्या आठवणीने सुरू होतो आणि शाळांबद्दलही त्यात बरेच आहे; मी त्याला जोड देते ती 1930 च्या दशकातल्या जर्मन गणिताच्या पुस्तकातील एका उदाहरणाची. वेड्यांचे इस्पितळ बांधायला साठ लाख मार्क खर्च येतो. एका घराला पंधरा हजार मार्क लागतात. तर त्या पैशांत किती घरे बांधता आली असती? मुले पटकन उत्तर देतात, चारशे. उत्तर बरोबर आहे. मग मी विचारते की हे उदाहरण तुम्हाला नेमके काय शिकवत होते? त्यानंतर सांगते की 1939 ते ऑगस्ट 1941 या काळात, विकलांग आणि मनोरुग्ण माणसांना मारण्याच्या सरकारी योजनेत 70 हजारांहून अधिक माणसे वायूने मारली गेली, आणि त्या योजनेतले अनेक कर्मचारी पुढे ट्रेब्लिंकासारख्या छावण्या चालवायला गेले. ते गणित ज्या मुलांनी सोडवले, त्यांच्या वहीवर 'बरोबर' अशी खूण करणारे शिक्षकच होते. त्या काळातील जवळजवळ सगळे जर्मन शालेय शिक्षक नाझी शिक्षक संघटनेचे सभासद होते, ही बाब मी मुलांपेक्षा शिक्षकांच्या कार्यशाळेत जास्त ठासून सांगते.

तसाच रेल्वेचा कागद. ज्यूंना छावण्यांकडे नेणाऱ्या गाड्यांचे भाडे जर्मन रेल्वेखाते पोलिसांकडून रीतसर वसूल करीत असे. दर तिसऱ्या वर्गाचा, दर किलोमीटरला चार फेनिग. दहा वर्षांखालील मुलांना हाफ तिकीट, चार वर्षांखालील मुले मोफत. चारशेहून अधिक माणसे असतील तर गटाची निम्मी सवलत. कैद्यांचे भाडे एकेरी आणि पहारेकऱ्यांचे मात्र जाऊन-येऊन. अभ्यासक राउल हिलबर्ग यांनी हे कागद उजेडात आणले. आपल्या मुलांना हाफ तिकीट म्हणजे काय ते नीट ठाऊक असते, म्हणून हे ऐकल्यावर वर्गातून जो प्रश्न येतो तो बहुधा असा असतो: 'मॅडम, हे लिहिणाऱ्या क्लार्कला माहीत होते का?' मी त्याचे उत्तर देत नाही. त्याच्या टेबलावर कोणते कागद येत होते, ते फळ्यावर लिहिते आणि मुलांना ठरवायला सांगते.

बर्लिनच्या बायरिशेस फिअर्टेल भागात 1993 पासून दिव्याच्या खांबांवर ऐंशी पाट्या लावलेल्या आहेत. एका बाजूला साधे चित्र, दुसऱ्या बाजूला ज्यूंविरुद्धचा एखादा हुकूम आणि त्याची तारीख. ज्यूंनी रेडिओ जमा करावेत. ज्यूंनी किराणा दुपारी चार ते पाच या वेळेतच घ्यावा. ज्यूंनी पाळीव प्राणी ठेवू नयेत, ही तारीख 15 मे 1942. हे हुकूम मी चिठ्ठ्यांवर लिहून तारखा झाकते आणि मुलांना क्रम लावायला देते. तो सहसा चुकतो, कारण मुलांची समजूत अशी असते की अत्याचार पायरीपायरीने 'मोठा' होत जातो. प्रत्यक्षात ज्या उन्हाळ्यात ट्रेब्लिंका सुरू झाली, त्याच्या तोंडावर कोणीतरी कचेरीत बसून कुत्र्या-मांजरांचा हुकूम काढत होते.

इथवरचे सार एवढेच, की आधी माणसे, मग कागद, आणि भयाचे प्रदर्शन शक्य तितके कमी.

हिटलर आवडणाऱ्या मुलांविषयी आपण बरेच लिहिले आहे, आणि आपली चिडचिड मला समजते. हे केवळ मुलांचे खूळ नाही. फुटपाथवर त्याचे आत्मचरित्र राजरोस विकले जाते, आणि 2006 मध्ये नवी मुंबईत एका उपाहारगृहाला त्याचे नाव दिले गेले होते. मुंबईच्या ज्यू समाजाने निषेध केल्यावर ते बदलले. मूल 'हिटलर भारी होता' म्हणते तेव्हा त्याला ज्यूंविषयी द्वेष नसतो, बहुधा त्याने ज्यू माणूस पाहिलेलाही नसतो. त्याच्या मनात दोनच गोष्टी असतात: हिटलरने देशाला शिस्त लावली, आणि तो इंग्रजांशी लढला. मुलाला झापून ही समजूत जात नाही. ते ती घरी घेऊन जाते आणि पुढच्या वेळी आपल्यापुढे ते बोलत नाही, एवढेच.

म्हणून मी त्या दोन्ही समजुती गांभीर्याने तपासायला घेते. बेकारी घटली हे खरे, पण कशी? शस्त्रनिर्मितीवर पैसा ओतून, 1935 मध्ये सक्तीची लष्करभरती आणून, आणि ज्यूंना व अनेक स्त्रियांना नोकऱ्यांतून काढून बेकारांच्या यादीतही न धरून. सारा देश हिटलरच्या मागे होता का? नोव्हेंबर 1932 च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला 33.1 टक्के मते होती, जुलैपेक्षा कमी. 30 जानेवारी 1933 रोजी त्याला चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, केले गेले ते आपण त्याला मुठीत ठेवू असे समजणाऱ्या राजकारण्यांकडून. आणि भारताविषयी? नोव्हेंबर 1937 मध्ये ब्रिटिश मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स त्याला भेटले, तेव्हा गांधींना गोळी घाला, असा सल्ला त्याने दिला होता. आपल्या आत्मचरित्रातही भारत दुसऱ्या कुणाच्या ताब्यात जाण्यापेक्षा इंग्रजांच्याच ताब्यात राहिलेला बरा, असे त्याने लिहून ठेवले आहे. ही माहिती मिळाल्यावर मुले गप्प होतात असे नाही, वाद घालतात. तो वाद वर्गातच व्हायला हवा.

सुभाषबाबूंचा प्रश्न येणार, तो टाळू नका. मे 1942 मध्ये ते हिटलरला भेटले, हे सांगा आणि त्यांचा हेतू काय होता तेही सांगा. तसेच गांधींचेही. 26 नोव्हेंबर 1938 च्या 'हरिजन'मध्ये त्यांनी जर्मनीतील ज्यूंना सत्याग्रहाचा सल्ला दिला होता, आणि तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांनी पुढच्या वर्षी त्याला सविस्तर, दुखावलेले पण आदरयुक्त उत्तर दिले. अकरावी-बारावीच्या मुलांना ही दोन्ही मते शेजारी ठेवून वाचायला देण्यासारखी आहेत. आपल्याच मोठ्या माणसांच्या मर्यादा कागदावरून तपासता आल्या, की मुलांचा आपल्यावर विश्वास बसतो.

आता आपल्या मातीशी असलेले धागे. हे धागे खरे आहेत, पण त्यांच्याबाबत फार जपून राहावे लागते. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. उत्साही शिक्षक याचे वर्णन 'होलोकॉस्टमधून वाचलेल्यांना महाराष्ट्राने आसरा दिला' असे करून टाकतात. ते चूक आहे. ही माणसे बहुतांशी कॅथलिक होती आणि सोव्हिएत सरकारने त्यांना पोलंडमधून हद्दपार करून दूर पाठवले होते. त्यांचे दुःख खरे आहे, कोल्हापूरची माणुसकी खरी आहे, पण ती हकिगत निराळी आहे आणि ती निराळीच शिकवावी.

खरा धागा हवा असेल तर मुंबईत शोधा. 1934 मध्ये वाल्टर काउफमान नावाचे ज्यू संगीतकार मुंबईत आले आणि येथे बारा वर्षे राहिले; आकाशवाणीच्या केंद्रावर ते पाश्चात्त्य संगीताचे काम पाहत. आकाशवाणीची जी परिचयधून आपल्या आई-वडिलांची सकाळ सुरू करीत असे, तिचे श्रेय सहसा त्यांनाच दिले जाते. मी ती धून वर्गात वाजवते आणि मग विचारते की कार्लोव्ही व्हारीचा, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातला माणूस मुंबईत काय करत होता? वॉर्सातला धागा तर त्याहून थेट आहे. यानुश कोर्चाक हे बालरोगतज्ज्ञ आणि शिक्षक घेट्टोत अनाथाश्रम चालवीत. 18 जुलै 1942 रोजी त्या मुलांनी रवींद्रनाथांचे 'डाकघर' सादर केले. चारच दिवसांनी हद्दपारी सुरू झाली, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोर्चाक, त्यांच्या सहकारी स्तेफानिया व्हिल्चिन्स्का आणि सुमारे दोनशे मुले ट्रेब्लिंकाला नेली गेली. हे सांगताना मी आवाज चढवीत नाही. आणि कोर्चाकांना संत करण्याचा मोह आवरते, कारण मग मुलांना वाटते की असे वागणे संतांचेच काम आहे.

मराठी वाचकाने आणखी एक गोष्ट विसरू नये. कोकणातील बेने इस्रायली समाजाची मातृभाषा मराठी, आणि त्यांच्या आठवणीत येथे ज्यू म्हणून छळ झाल्याची परंपरा नाही. रायगड किंवा मुंबईतल्या शाळेत शिकवत असाल तर सिनेगॉगला भेट द्या, पण त्या भेटीत होलोकॉस्टचा विषय काढू नका. ज्यू माणूस म्हणजे कायम मारला गेलेला माणूस, हा समज मुलांच्या मनातून काढायचा असेल, तर आधी त्यांना अलिबागच्या तेलघाण्याची आणि शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या शेजाऱ्यांची गोष्ट कळू द्या.

मनावर होणाऱ्या परिणामाविषयी आपण विचारले आहे. परिणाम होतो, आणि तो कुणावर किती होईल हे स्वभावावर आणि घरच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. ज्यांच्या घरी नुकताच मृत्यू झाला आहे, ज्यांची मुले लहान आहेत, त्यांना मी मुलांविषयीच्या साक्षी काही काळ बाजूला ठेवायला सांगते. शोआ फाउंडेशनने 1994 पासून ध्वनिचित्रमुद्रित केलेल्या 50 हजारांहून अधिक साक्षी आहेत. त्या सगळ्या आपणच ऐकायला हव्यात असे मुळीच नाही. माझे नियम साधे आहेत. रात्री जेवणानंतर साक्षी वाचायच्या नाहीत. जो मजकूर वर्गासाठी लागणार नाही आणि केवळ अंगावर काटा आणतो, तो पुढे वाचायचा नाही. सोबत इतिहासाचा दुसरा एखादा विषय जिवंत ठेवायचा. मी मराठ्यांच्या काळातील पत्रव्यवहार वाचते, आणि त्याचा उपयोग असा होतो की जुन्या कागदांत लबाडी, विनोद आणि घरगुती तक्रारीही असतात याची आठवण राहते. दुःख होणे थांबले तर मात्र सावध व्हा. आकडे सपाट आवाजात म्हणता येऊ लागले, तर एखादे वर्ष तो धडा सहकाऱ्याला घेऊ द्यावा.

आणखी एक त्रास कोणी सांगत नाही तो सांगते. या विषयावर बोलणारा शिक्षक म्हटला की लोक आपल्याला आजच्या प्रत्येक राजकीय वादात ओढतात. एखादा पालक येऊन म्हणतो की तुम्ही आमच्या पक्षावर बोलता आहात, दुसरा म्हणतो की इस्रायलची बाजू घेता आहात. वर्गात मी तुलना नाकारत नाही, फाळणी आणि बंगालचा 1943 चा दुष्काळ यांचे प्रश्न मुले विचारतातच. पण तुलना करायची तर दोन्ही बाजूंचे कागद समोर हवेत, असा नियम ठेवते. नुसत्या शब्दांची फेकाफेक तिथेच थांबते.

तयारीबद्दल थोडक्यात. जर्मन शिका, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्सम्युलर भवन आहे, नागपूरहून ऑनलाइनही जमेल. वाचण्यापुरती भाषा आली तरी कागद स्वतः पाहता येतो. याद वाशेमची आंतरराष्ट्रीय शाळा 1993 पासून शिक्षकांना प्रशिक्षण देते, वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाचे शिक्षकांसाठीचे साहित्य विनामूल्य उपलब्ध आहे, आणि बर्लिनमध्ये ज्यूंच्या संहाराच्या समन्वयासाठीची 20 जानेवारी 1942 ची वानझे बैठक ज्या बंगल्यात झाली, तेथेच आता स्मारक आणि शैक्षणिक केंद्र आहे. आउश्वित्झला जाण्याची घाई करू नका. आधी वाचन झालेले नसेल तर तिथे भिंती आणि काचेची कपाटे दिसतात, बाकी काही नाही.

27 जानेवारीला, म्हणजे आउश्वित्झच्या मुक्ततेच्या दिवशी, शाळेत कार्यक्रम घ्यावा का, असेही आपण विचारले आहे. प्रजासत्ताक दिनाच्या दुसऱ्याच दिवशी, संचलनाने थकलेल्या मुलांपुढे भाषणे आणि मेणबत्त्या ठेवण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. त्याऐवजी नेहमीच्या तासिकेत ते हुकूम क्रमाने लावण्याचे काम करून घ्या. आपल्या मंडळाच्या वेळापत्रकात हा धडा कोणत्या महिन्यात येतो आणि आपल्या हाती नेमक्या किती तासिका आहेत, तेवढे कळवा. त्यावरून काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे पुढच्या उत्तरात सांगते.